उत्पन्न : एक रताळं

दार उघडलं. दार मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

जपानमधल्या मात्सुए शहराच्या रोजगार कार्यालयाचं ते काचेचं दार आपोआप उघडणारं होतं, आणि त्याच्यासमोर उभी असलेली मुलगी आत जात नव्हती आणि मागेही हटत नव्हती. ती जरा पुढे झुकली की दार अदबीनं बाजूला सरायचं. तिचा धीर सुटला की बिचारं मिटायचं. पाऊस पडत होता, त्यात बर्फही मिसळलेलं होतं. हातात छत्री होती, पण ती उघडायचं तिला सुचलंच नव्हतं.

"अहो, त्या दाराचा जीव जाईल आता."

आवाज रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या ट्रकमधून आला. ट्रकच्या पाठीवर लोखंडी भट्टी, भट्टीत तापलेले खडे, खड्यांवर रताळी, आणि त्यांच्यामागे लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक तरुण.

"मी... जातेच आहे," ती म्हणाली.

"जा की. मी कुठं अडवलंय? मी फक्त दाराच्या वतीनं बोललो."

खरं तर तिला राग यायला हवा होता. आलं हसू. तेही अगदी थोडं, नाकातून. पण कितीतरी महिन्यांनी आलं होतं, त्यामुळे तिचं तिलाच नवल वाटलं.

तिचं नाव चिनामी, आडनाव फुकाए. घरपोच सामान विकणाऱ्या एका कंपनीत ती कित्येक वर्षं तक्रारींचे फोन घ्यायची. फोन उचलायचा, न दिसणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कमरेतून वाकायचं आणि माफी मागायची. कपबशी फुटली, माफी. रंग आवडला नाही, माफी. वसंतातल्या एका सकाळी फोन वाजला आणि तिचा हात वर उठेचना. डॉक्टरांनी नावं सांगितली... नैराश्य आणि चिंता. दोन्ही पाहुणे एकदमच घरात शिरले होते आणि जायचं नाव घेत नव्हते. उन्हाळा गादीवर गेला. औषधांनी हळूहळू पाय जमिनीला लागले, आणि शरद सरता सरता डॉक्टरांनी लिहून दिलं की आता बेताबेतानं काम शोधायला हरकत नाही. तेव्हा कुठं तिचा बेकारी भत्ता सुरू झाला. दर चार आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी इथं यायचं, काय खटपट केली ते सांगायचं. चुकलं की त्या खेपेचा भत्ता गेला. घरभाडं त्यावरच होतं. आजची पहिलीच खेप.

"कितीला बोलावलंय?" त्यानं विचारलं.

"दहाला."

"म्हणजे आत्ताच." त्यानं चिमट्यानं एक रताळं उचललं, मोडून अर्धं कागदात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडून तिच्यापुढे धरलं. "खिशात ठेवा. हात गरम राहिला की पाय आपोआप चालतात. दोन हिवाळ्यांपूर्वी मीही आतल्या त्याच खुर्च्यांवर बसायचो."

"तुम्हालाही... बरं नव्हतं?"

"माझी तब्येत ठीक होती हो. कंपनीची बिघडली होती."

तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मला लाज वाटते. काम न करता पैसे मागायची."

त्यानं टोपी जरा वर सारली. डोळे हसरे होते, पण तो चेष्टा करत नव्हता. "पगारातून बेकारीच्या विम्याचा हप्ता कापला जायचा ना दर महिन्याला? घर जळल्यावर विम्याचे पैसे मागताना कुणी लाजतं का? तुमचं जरा जळलंय. जा, मागा."

ती गेली. खिशातलं रताळं घट्ट धरून रांगेत बसली. नंबर पुकारला तेव्हा उठलीसुद्धा. काउंटरवर इवाशिताबाई होत्या. केस आखूड कापलेले, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी विचारलं ते चिनामीनं सांगितलं, आणि काम झालं. बाहेर आली तर ट्रक तिथंच.

"झालं?"

"झालं."

"दार वाचलं," तो म्हणाला.

त्याचं नाव दाइगो, आडनाव नुकुई. ती त्याला मानानं नुकुईसान म्हणू लागली, तो तिला फुकाएसान.

त्यानंतर चिनामी ठरलेली तारीख नसतानाही कार्यालयात येऊ लागली. नोकरीच्या जाहिराती बघायला येते, असं ती स्वतःला सांगायची. बघायचीही. पण जाहिराती बघून झाल्यावर रस्ता ओलांडून ट्रकपाशी का थांबायचं, याचं उत्तर तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं.

एक दिवस ट्रकचा भोंगा मुका होता. एरवी त्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज गात असायचा. ट्रक विकत घेतला तेव्हाच ती कॅसेट बरोबर मिळालेली. चिनामी निरोप घेऊन छत्री उघडतच होती, तेवढ्यात दाइगो कपाळाला हात लावून म्हणाला, "बिघडलं यंत्र. आता रताळी विकायची कशी?"

"तुम्हीच ओरडा."

"माझा आवाज ऐकला की लोक पोलिसांना बोलावतात." आणि त्यानं माईक तिच्यापुढे केला.

ती एक पाऊल मागे सरली. "नुकुईसान, मला फोन उचलायची भीती वाटते. आणि तुम्ही मला माईक देताय?"

"फोनवर माणसं भांडायची. इथं फार तर रताळी मागतील. अट एकच... माफी मागायची नाही."

पहिल्या खेपेला आवाज फाटला. दुसऱ्या खेपेला थरथरला. तिसऱ्या खेपेला ट्रक शहरातल्या जुन्या किल्ल्याच्या खंदकाकाठून सावकाश निघाला होता, काचेवर पाऊस टपटपत होता, आणि ती डोळे मिटून म्हणाली, "रताळंऽऽ घ्या... खड्यांवर भाजलेलं, गरम रताळंऽऽ." वरच्या मजल्यावरची एक खिडकी सरकली आणि एका आजींनी डोकं बाहेर काढलं. "आज पोरगी ओरडतेय होय? थांब गं, दोन दे."

आपला आवाज फक्त माफी मागायलाच दिलाय, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

सगळेच दिवस तसे नव्हते. काही सकाळी पांघरूण दगडासारखं जड व्हायचं, आणि तेव्हा ती दाइगोला मोबाइलवर फक्त 'आज नाही' एवढंच पाठवायची. उत्तरादाखल एका रताळ्याचा फोटो यायचा. विचारपूस नाही, उपदेश नाही. कधी रताळ्याला त्याचीच लोकरी टोपी घातलेली असायची. ती पांघरुणात हसायची आणि पुन्हा झोपायची.

बऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी बसून ओरडायची. एकदा तिच्या लक्षात आलं की तिच्या बाजूचा आरसा जरा जास्तच आत वळलाय.

"त्या आरशात तुम्हाला रस्ता दिसतो का?"

"दिसतो की," दाइगो समोर बघत म्हणाला. "तुमच्या मागे... थोडासा."

तिनं हात बाहेर काढून आरसा सरळ केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वळलेला होता. या खेपेला तिनं तो तसाच राहू दिला.

फेरी संपली की तो सगळ्यात मोठं रताळं तिच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हा घ्या तुमचा मोबदला."

त्या एका शब्दानं घात केला. कार्यालयाच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता. कसलंही काम, कुणालाही केलेली मदत, पैसे मिळोत न मिळोत, सांगितलीच पाहिजे. लपवणं म्हणजे फसवणूक. खाली रडणाऱ्या बाईचं चित्र. चिनामीनं तो वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ओरडणं म्हणजे मदतच की. मोबदला तर तो स्वतःच म्हणाला होता, आणि तो तिनं सालासकट खाल्ला होता. घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात तिला अटक झाली होती, आईनं तोंड फिरवलं होतं आणि वर्तमानपत्रात फोटोही आला होता.

सांगावं तर भत्ता जाणार आणि घर सुटणार. गप्प बसावं तर ती चोर. आणि काहीही केलं तरी ट्रककडे फिरकायची आता सोय उरली नव्हती. तिनं त्याला निरोप पाठवला, 'यापुढे येता येणार नाही. माफ करा.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'माफी मागायची नाही असं ठरलं होतं.' त्यानंतर ना फोटो, ना टोपी.

पुढची ठरलेली तारीख उजाडली. ट्रक नेहमीच्या जागी होता. दाइगो भट्टीत खडे ढवळत होता आणि त्यानं हाक मारली नाही. चिनामी मान खाली घालून पुढून गेली. दार दोनदा उघडून मिटलं. तिसऱ्यांदा ती आत होती.

"या काळात काही काम केलं? कुणाला मदत?" इवाशिताबाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं.

"केली. रताळी विकायला, ओरडून. मोबदलाही घेतला."

"किती?"

"दर वेळी एक रताळं."

बाईंचं पेन थांबलं. "मोठं की लहान?"

"मोठं. एकदा दोन दिली होती."

"बसा हं," असं म्हणून बाई आतल्या साहेबांकडे गेल्या. पडद्याआड कुजबुज झाली, एक जाडजूड नियमांचं पुस्तक खाली उतरलं, कुणाचे तरी खांदे हलताना दिसले. परत आल्या तेव्हा बाईंचा चेहरा पुन्हा इस्त्रीचा होता.

"रोज किती वेळ?"

"तास, दोन तास."

"त्यांनी तुम्हाला कामावर ठेवलंय?"

"नाही."

"रताळं दिलं नसतं तरी गेला असतात?"

"हो."

"ओरडू नका म्हणाले असते तर?"

चिनामी जरा घुटमळली. "...तरी गेले असते."

"मग जायचं कारण काय?"

तिचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता, बोटं गार पडली होती. इथंच ती पूर्वी वाकली असती, माफ करा म्हणाली असती आणि वेळ मारून नेली असती. ती ताठ बसली.

"कारण मला ते आवडतात."

आता एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नव्हती. इतके दिवस माईकवर ओरडून तिचा आवाज चांगला तयार झाला होता. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. मागच्या रांगेतल्या एका काकांच्या हातून छत्री पडली.

"त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही," इवाशिताबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. "थोड्या वेळाची मदत, पैसे घेतलेले नाहीत. तशी नोंद करते. भत्ता कापला जाणार नाही. पैसे घेऊन काम करायचं ठरलं, तर मात्र आधी सांगायचं."

चिनामीचा जीव भांड्यात पडला. तिनं मान लववली आणि उठली, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "एवढं खरं इथं कुणी सांगत नाही. घाबरतात."

"मीही घाबरले होते."

"दिसलं नाही," बाई म्हणाल्या.

बाहेर पाऊस बारीक झाला होता. चिनामी ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मागून इवाशिताबाई आल्या, पाकीट उघडून त्यांनी एक मोठं रताळं घेतलं, दाइगोला टोपीपासून बुटांपर्यंत एकदा नीट न्याहाळलं, "हं," म्हणाल्या आणि आल्या पावली आत गेल्या.

"यांनी माझ्याकडे असं काय बघितलं?" दाइगोनं विचारलं.

"तपासणी असेल."

"मी चिडलोय तुमच्यावर."

"दिसतंय." मग तिनं सगळं सांगितलं... भिंतीवरचा कागद, तो मेला मोबदला, काउंटर. ऐकता ऐकता त्याच्या हातातला चिमटा खाली आला.

"माझ्यामुळे भत्ता गेला?"

"नाही गेला. पण मला कारण सांगावं लागलं. रोज इथं येण्याचं."

"काय सांगितलंत?"

"सगळ्या हॉलनं ऐकलंय. तुम्ही एकटेच राहिलात." ती थांबली. वाफेपलीकडून त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुम्ही मला आवडता, असं सांगितलं."

दाइगोनं टोपी काढली, पुन्हा घातली, मग तीही उलटी. तो ट्रकच्या पुढच्या भागात शिरला आणि त्यानं एक बटण दाबलं. भोंग्यातून म्हातारा खणखणीत आवाजात गाऊ लागला, "रताळंऽऽ घ्या..."

"झालं दुरुस्त?" चिनामीनं विचारलं.

"बिघडलं कधी होतं?" त्याचे कान लालबुंद झाले होते. "त्या दिवशी तुम्ही निघाला होतात. तुम्हाला थांबवायला... दुसरं काही सुचलंच नाही."

म्हातारा गात राहिला. चिनामीच्या चेहऱ्यावर आधी हसू फुटलं, मग कपाळावर आठी चढली.

"म्हणजे तुम्हाला मदत लागतच नव्हती?"

"नव्हती."

"मग मी केली ती मदत नव्हतीच."

"तसं बघितलं तर... नव्हती."

"आणि मी आत जाऊन चुकीची नोंद करून आलेय. धर ही छत्री."

"अगं चिनामी, कुठं निघालीस?" आडनाव कुठल्या कुठं गळून पडलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"नोंद बदलायला. सांगते त्यांना, मदत वगैरे काही नव्हती, माणूस लबाड आहे."

"आणि ते आवडण्याचं?"

ती रस्त्याच्या मध्यावर वळली. केसांवर पावसाचे थेंब होते. "ते बरोबर आहे. ते तसंच राहू दे म्हणेन."

दार उघडलं. ती आत गेली. दार मिटलं.