कृष्णात घरी आला नाही

उद्यमनगरातल्या त्या लोखंड ओतायच्या छोट्या फौंड्रीच्या दाराशी कृष्णातची सायकल सकाळीही तशीच उभी होती. हँडलला डबा अडकवलेला. शालूबाईनं तो उघडून पाहिला. भाकरीला हातही लागला नव्हता.

नवरा काल कामावर गेला, तो घरी परतलाच नव्हता.

तिनं तक्रार दिल्यावर आलेले फौजदार अंबादास इनामदार तिला घेऊन आत गेले. मालक बाळासो खुर्चीतून उठला. छोटा कारखाना म्हणून पाटबंधारे खात्याच्या पंपांचं काम त्याला मिळालं होतं, आणि सरकारी तपासणी तोंडावर आली होती. काल इथंच भट्टी लावली, ओतकाम उरकल्यावर कृष्णात आकारामशी भांडत बाहेर पडला, असं त्यानं सांगितलं.

आकाराम म्हणजे कृष्णातच्या जोडीचा दुसरा साचेवाला. तो भिंतीला चिकटून उभा होता. शालूबाईनं त्याच्या राकट हातांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"भांडलास?" फौजदारांनी विचारलं.

आकारामनं आधी बाळासोकडं पाहिलं. "मालक म्हणत्यात, म्हंजी आसंल."

फौजदार भट्टीच्या बुडाशी वाकले. आतून कुत्री गुरगुरली. तिच्यामागून चार पिलं धडपडत, डोळे मिचकावत बाहेर आली. बाळासोनं पाय उगारला.

"राहू दे की," फौजदार म्हणाले. मग त्यांनी तयार पंपांच्या फटींत बोट फिरवलं. बोटाला लाल वाळू लागली. साच्यांसाठीचा वाळूचा ढीग पलीकडेच होता. काळाकुट्ट.

त्यांनी दार लावून घेतलं.

"बाळासो, पिलांचे डोळे उघडलेत, ती चालायला लागलीत. ही भट्टी दोन-तीन आठवडे तरी थंड आहे. वाळूही दुसऱ्याच फौंड्रीची. निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या कारखान्यात करायचं, ही सरकारी ऑर्डरची अट. तुम्ही सगळंच बाहेरून ओतून घेतलंत आणि देखरेखीला कृष्णातला पाठवलंत. तो परतला नाही, तर तुम्ही खोटं भांडण उभं केलंत. म्हणजे त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. जिवंत आहे का?"

बाळासो पुन्हा खुर्चीत बसला.

"जिता हाय. लोखंडाचा रस पायावर सांडला. दवाखान्यात न्हेला असता तर कुठं भाजला ते लिवून घेतलं असतं. ऑर्डर गेली असती."

"कुठं आहे?"

"बावड्याला. माझ्या उसातल्या खोपटात."

जीप बावड्याकडं सुटली.

खोपटात कृष्णात पोत्यावर पडला होता. गुडघ्याखाली चिंध्या गुंडाळलेल्या, अंग तापानं फणफणलेलं. खाकी कपडे दिसताच तो कोपरांवर मागं सरकला.

"सायब, आमच्याच भट्टीवर भाजलो," तो पाठ केल्यासारखं पुटपुटला. "मालकांचा काय दोष न्हाय."

शालूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. "सायब, उचला ह्यास्नी. कुठं भाजलं ते दवाखान्यात मी सांगणार."