सूर्यासाठी दहा नंबरची काच

गोपिका भैय्याजींच्या दुकानात शिरली ती उन्हाला कंटाळून, असं नालवाडीत कोणी सांगितलं तर बिलकुल विश्वास ठेवू नका. मे महिन्यातलं ते ऊन मात्र खरं. त्या दुपारी एका कुत्र्यानं आपली सावली तोंडात धरून ओसरीत ओढत नेली होती, अन् रस्त्यात उभ्या मोटारसायकलच्या सीटवर कोणाचा तरी पापड भाजून निघाला होता. पण गोपिका उन्हापासून पळणारी पोरगी नव्हती. तिला ऊन हवंच होतं… फक्त थोडं गाळून.

दुकान हार्डवेअरचं. खिळे, कड्या, नळाच्या तोट्या, वेल्डिंगचं सामान. काउंटरमागे भैय्याजींचा पोरगा अंकित वेल्डिंग रॉडचे पुडे लावत होता. मान वर न करता त्यानं दुकानाच्या रिवाजाप्रमाणे "बोला ता—" असं सुरू केलं, मग वर पाहिलं, अन् 'ताई'मधली 'ई' त्याच्या घशातच राहिली.

"बोला… मॅडम."

"वेल्डिंगच्या चष्म्याची काळी काच पाहिजे. दहा नंबरची."

"काम काय आहे? गेट का ग्रिल?"

"सूर्य," गोपिका म्हणाली.

अंकितनं तिच्याकडे नीट पाहिलं. या उन्हात डोकं फिरलेली गिऱ्हाइकं येतात, पण इतकी शांत अन् इतकी… म्हणजे, ओढणी अशी डोक्याला गुंडाळून, कपाळावर घामाचा एकच थेंब घेऊन आलेली याआधी आली नव्हती.

मग तिनं खांद्यावरच्या पिशवीतून कॅमेरा काढला अन् सगळं समजावून सांगितलं. ती मूळ रोहणा गावची. वडील मनोहरराव मेथी-कोथिंबीर पिकवतात, अन् ती इथे आत्याकडे राहून लग्नांचे फोटो काढते. पण तिला फोटो काढायचे होते ते प्रवासाचे. घाट, धबधबे, बाजार. त्यासाठी लेन्सवर फिल्टर लागतात, अन् फिल्टरच्या दुकानात गेलं की दुकानदार एक नाही, सगळा संसार दाखवतो. तिनं पैसे पाहून मन मारत निवड केली होती. नुसतं लेन्स झाकायला असतं ते फिल्टर नको, जपून वापरलं की झालं. आकाश गडद करायचं तेही नको, ते नंतर घरी बसून करता येतं. पाण्यावरची अन् पानांवरची चकाकी काढणारं तेवढं मात्र हवंच, कारण ती एकदा फोटोत आली की कशानंच निघत नाही. तेवढं एक तिनं घेतलं अन् पाकीट मोकळं झालं. आता राहिलं ते काळं. ते लावलं की भर दुपारीसुद्धा कॅमेऱ्याचा डोळा खूप वेळ उघडा ठेवता येतो, अन् पडणारं पाणी रेशमासारखं दिसतं. त्याची किंमत ऐकून ती दुकानाबाहेर आली होती, अन् समोरच एक वेल्डर काळ्या काचेतून ठिणग्यांकडे पाहत बसला होता. तिथून सरळ इथे.

अंकितनं गुपचूप पुडकं उघडलं. गोपिका एकेक काच घेऊन दारात जायची, उन्हात धरायची, तिरपी करायची, परत आणायची. हिच्यात बुडबुडा आहे. हिच्यावर चरा आहे. आत खुर्चीवर डोळे मिटून बसलेले भैय्याजी अखेर म्हणाले, "बाप्पा, लग्नाची पोरगी पाहाले एवढा वेळ नाई लागत."

शेवटी एक काच तिला पटली. ती डोळ्याला लावून गोपिका सहज वळली, अन् काचेचं तोंड अंकितकडे झालं.

"काय दिसून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"काहीच नाई."

"मंग बेकार आहे काच."

"काच बेस आहे," ती काच न काढताच म्हणाली. "तुम्हीच उजेडात येत नाई."

भैय्याजींचा एक डोळा उघडला अन् पुन्हा मिटला.

त्यानंतर महिनाभर त्या काचेनं जेवढे हेलपाटे घातले तेवढे एखाद्या खटल्यालाही पडत नसतील. आधी काच लेन्सवर बसेना. एक चौकोनी, एक गोल. मग वडिलांच्या कोथिंबिरीच्या जुड्यांना लावतात ते रबर तिनं आणले, अन् अंकितनं पाइपचा एक तुकडा घासून त्याची बैठक करून दिली. मग फोटो हिरवे येऊ लागले. गांधीचौकातली दुपार अशी हिरवीगार दिसली, की आत्या जिजाबाई म्हणाली, इतकं शेवाळ धरेपर्यंत नगरपालिका काय करत होती. त्यावर तोड निघाली ती फोटो काळापांढरा करण्याची. मग आठ नंबर लावून पाहू, मग बारा. दर वेळी गोपिका बदलायला यायची, अन् विकलेला माल परत न घेण्याची पाटी अंकितच्या डोक्यावर लटकत असताना तो परत घ्यायचा. पाटी भैय्याजींनी स्वतः रंगवली होती. ते तिच्याकडे पाहायचे, पोराकडे पाहायचे, अन् झोपायचे.

अंकित बोलायला गमत्या होता, पण मुद्द्याजवळ आला की वळण घ्यायचा. नागपूरच्या एका यात्रा कंपनीला वर्षभर सोबत फिरायला फोटोग्राफर हवा होता, अन् गोपिकानं अर्ज केला होता, हे कळलं तेव्हा तो तिच्यापेक्षा जास्त खूश झाला. कंपनीनं एकच फोटो मागितला होता. 'आपल्या भागातलं असं ठिकाण, जिथून सगळे जातात पण कोणी पाहत नाही.' तो फोटो आवडला तर नर्मदेचे घाट, हिमालय, कुठे कुठे. नाही आवडला तर पुन्हा स्टेजवरच्या नवरा-नवरीला हसा म्हणायचं, अन् पुलावाच्या ताटाचा जवळून फोटो.

"तुम्ही जासानच," अंकित म्हणाला. "लिहून घ्या."

त्या 'जासानच'चा गोपिकाला राग आला. का आला हे तिलाही धड सांगता येईना. माणसानं जरा तरी चेहरा पाडावा… 'कवा येसान परत' एवढं तरी विचारावं. तो तर जणू काय रॉडचा पुडा पोचवायचा असल्यासारखा तिला पाठवायला निघाला होता. अन् जायचं कशाच्या जोरावर? त्यानंच बसवून दिलेल्या काचेच्या.

ठिकाण सुचवलं तेही त्यानंच. जाम गावचा चौक. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारं अन् चंद्रपूरकडे वळणारं सगळं जग तिथून जातं. बस, ट्रक, वऱ्हाडाच्या गाड्या. चहा पिऊन निघून जातं, अन् चौक कसा आहे हे कोणी पाहत नाही. अन् दहा नंबरची काच लावून डोळा बराच वेळ उघडा ठेवला, तर जे हलतं ते फोटोत उरतच नाही. अख्खा चौक रिकामा दिसणार. भर दुपारी, भर गर्दीत रिकामा.

फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी अंकितला जामच्या एका गॅरेजला माल द्यायचा होता, निदान तो तसं म्हणाला. मालाची पिशवी इतकी हलकी होती की वाऱ्यानं गाडीच्या मागे पतंगासारखी उडत होती.

चौकाच्या कडेला, निंबाच्या विरळ सावलीत गोपिकानं कॅमेऱ्याची तिपाई लावली. अंकित कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा राहिला. त्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडला असता. पहिला फोटो एका ट्रकवाल्यानं खाल्ला. बरोबर मधोमध ट्रक लावून तो चहाला गेला, अन् चहा पिता पिता त्याला झोप लागली. दुसरा एका बकरीनं. साऱ्या जामची माणसं हलत होती, अन् ही एकटी बया चौकात ध्यान लावून बसली, ती फोटोत देवळातल्या नंदीसारखी ठसठशीत आली. बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकू लागली.

"आता एकच होईल," गोपिका म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी होतं. अंकितनं छत्री तिपाईला बांधली अन् म्हणाला, समोरून उसाचा रस आणतो. रस्ता ओलांडायचा म्हणजे फोटोतूनच जायचं. गोपिकानं त्याला बजावलं, जा अन् या, काही होत नाही, पण मधात थांबू नका.

"चालत राह्यलं की माणूस पुसून जाते. थांबला की येते."

"पुरा पुसून जाते?"

"पुरा."

"बरं," अंकित म्हणाला, अन् गेला.

तिनं बटण दाबलं. चुलीवरचा चहा वर येऊन उतू जाईल इतका वेळ आता नुसतं पाहायचं. चंद्रपूरची बस आली, गेली. सुटीतली पोरं गेली. आंब्यांचा हातगाडीवाला गेला. सगळे पुसले जाणार. दोन्ही हातांत रसाचे गिलास घेऊन अंकित परत निघाला, बस थांबते त्या जागेपर्यंत आला… अन् उभा राहिला.

गोपिकानं हातानं खुणावलं, चला. तो उभाच. ओरडावं तर ट्रकांच्या आवाजात ऐकणार कोण. दोन ट्रक त्याच्या मागून गेले, एक त्याच्या पुढून. एका बाईनं त्याला वळसा घातला अन् वळून वळून पाहिलं. त्या पोराची पापणी लवली असेल तर शपथ. नाकावर माशी बसली, कंटाळली, उडून गेली. कॅमेऱ्यानं डोळा मिटला, त्यासरशी बॅटरी संपली.

तो आला तेव्हा ती छत्री सोडून तिपाई आवरत होती. अंकितनं पाय उचलून चप्पल दाखवली. तळव्याला खरोखर डांबर चिकटलं होतं.

"उन्हानं रस्ता वितळून राह्यला," तो म्हणाला. "पाय फसला. निघतच नोता."

गोपिकानं मान हलवली. गॅरेजमध्ये जाऊन तिनं बॅटरी चार्जिंगला लावली अन् थोडी भरल्यावर कॅमेरा उघडला. ऊन कललं होतं. चौक रिकामा आला होता, तिला हवा होता तसा. नुसता रस्ता, झाडं, अन् गाड्या गेल्या तिथे धुक्यासारखी एक रेघ. अन् त्या साऱ्या रिकामेपणात एक माणूस. दोन हातांत दोन गिलास. शर्टाच्या बटणासकट स्पष्ट.

तिनं फोटो मोठा केला. पाय पाहिले. मग चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"अंकित."

अहो नाही, तुम्ही नाही, नुसतं नाव. तो दारातच थबकला.

"डांबरात पाय फसलेला माणूस खाली पाह्यते. आपल्या पायाकडे. तू कुठी पाहून राह्यला होता?"

तो खांबाला टेकला. कान लाल झाले होते, अन् ते उन्हानं नव्हते.

"तू म्हटलं ना… चालत राह्यलं की पुरा पुसून जाते." तो खांबाला चप्पल घासू लागला. "तू तं चाललीच आहेस. मले वाटलं, एवढे सगळे पुसले जाऊन राह्यले, आपण तरी… मी मंग निघालोच नाई. तुह्या फोटोचं वाटोळं केलं. माफ कर."

गोपिकानं रसाचा गिलास उचलला. रस कोमट झाला होता, बर्फ कधीच विरघळला होता. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"मंग विचारत काऊन नोता? कवा येशीन म्हणून?"

"जाणाऱ्या माणसाले अडवल्यासारखं वाटलं असतं."

"वेडा आहेस," ती म्हणाली. तिथेच बसून तिनं फोटो काळापांढरा केला अन् कंपनीला पाठवून दिला. अंकितनं विचारलं, दुसरा नाही का, त्याच्याशिवायचा? ती म्हणाली, आहे. बकरीचा.

कंपनीचा फोन आला तेव्हा गोपिका दुकानातच होती. या वेळी हातात बदलायला काच नव्हती, अन् कशाला आली हे कोणी विचारलंही नाही. समोरचे साहेब शुद्ध बोलत होते, त्यामुळे तीही शुद्ध बोलू लागली. हो सर. धन्यवाद सर. दसऱ्यानंतर पहिली यात्रा, चालेल सर. अंकित एक खिळा हातात घेऊन त्या खिळ्याकडे पाहत होता.

साहेब म्हणाले, रिकामे चौक पुष्कळ आले होते, पण हा माणूस उभा आहे म्हणून चौक दिसतो. कोण आहे तो? कुठून आणला होता का, पैसे देऊन? अन् दोन गिलास कशाला?

"नाही सर. आणलेला नाही. एक गिलास माझा होता." गोपिकानं काउंटरपलीकडे पाहिलं, अन् तिचं शुद्ध बोलणं तिथेच संपलं. "अन् माणूसबी माह्यावाला आहे."

अंकितच्या हातून खिळा पडला. शोधायला तो खाली वाकला, अन् बराच वेळ वर आलाच नाही.

आतल्या खुर्चीवर भैय्याजींनी डोळे न उघडताच घसा साफ केला. त्यांच्या बसण्यासाठी होती तेवढीच एक खुर्ची त्या दुकानात होती. ते उठले, ती उचलून काउंटरशी आणून ठेवली, अन् भिंतीला टेकून उभे राहिले.

"अंकित," ते म्हणाले, "खिळा मंग शोधजो. पोरीले बसाले सांग. कवाची उभी आहे."