श्वास अठरा

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. कुणाच्या आत्याच्या शेजारणीची नाही.

शनिवार होता. दुपारचे तीन वाजले होते. दिवे लख्ख, एसी चालू. चोवीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला भुताची भीती घालणं सोपं नसतं. मी इतकी माणसं मरताना पाहिली आहेत, त्यातलं एकही परत आलेलं नाही.

त्या शनिवारपर्यंत तरी नव्हतं आलं.

पण आधी तीन आठवडे मागचं सांगते, नाहीतर कळणार नाही.

आमच्या वॉर्डात अकरा नंबरच्या बेडवर एक काका होते. घड्याळं दुरुस्त करायचे. ताप होता, जरा दम लागत होता. माझी सकाळची ड्युटी दोनला संपायची. जायच्या आधी प्रत्येक पेशंटचे आकडे चार्टवर लिहून पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा, म्हणजे सगळं समजावून पेशंट तिच्या हवाली करायचा.

बीपी मशीन सांगतं. पल्स मशीन सांगतं. ताप थर्मामीटर सांगतो. श्वास मात्र आपणच मोजायचे. पेशंटच्या छातीकडे बघत, घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट.

कुणी मोजत नाही.

खोटं वाटत असेल तर कुठलाही जुना चार्ट उघडून बघा. अठरा, अठरा, वीस, अठरा. तीस पेशंट आणि दोन नर्स असल्या की एक मिनिट कुठून आणायचं? मिनिटाला अठरा म्हणजे पेशंट ठीक, आणि अठरा लिहिणं ही आमच्या हाताची सवयच झालेली असते.

त्या दिवशी मीही अकरा नंबरला अठरा लिहिलं.

लिहीत होते तेव्हा काकांनी माझ्या युनिफॉर्मला लावलेल्या घड्याळाकडे पाहिलं. ते चार मिनिटं मागे असायचं. मी मनातल्या मनात चार मिळवायची, सवय झाली होती.

"सिस्टर, घड्याळ मागे आहे तुमचं," काका म्हणाले. एवढं बोलतानाही थांबले. "बसा ना... एक मिनिट. नीट लावून देतो."

"आलेच काका," म्हटलं आणि निघाले.

संध्याकाळी सहाला ते गेले.

दुपारच्या ड्युटीवर चिमणी होती. नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं. एवढीशी, भुर्रकन इकडून तिकडे पळणारी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. मला ताई म्हणायची. इंजेक्शनची पहिली शीर मीच तिला शोधून दिली होती.

चौकशी लागली, ती चिमणीवर. दोन वाजता पेशंट ठीक होता, तसं लिहिलेलं आहे. मग चारपर्यंत या मुलीनं त्याच्याकडे का पाहिलं नाही?

लिहिलेलं होतं माझ्या हातचं. चार्ट त्याच रात्री सीलबंद झाला. चिमणीनं त्यावर काय लिहिलं होतं ते मी पाहिलंही नव्हतं. चौकशी सोमवारी होती आणि मलाही बोलावलं होतं. मी खरं सांगितलं तर चिमणीची नोकरी वाचणार होती. माझी जाणार होती.

आणि त्याच शनिवारी मला ट्रेनिंगला पाठवलं. अचानक बिघडणारा पेशंट कसा ओळखायचा, हे अनुभवी लोकांना शिकवायचं ट्रेनिंग. आम्ही आठजण होतो, सगळे पिकलेले. शिकवणारे डॉक्टर इतके कडक की चहाच्या वेळेपर्यंत त्यांचं नाव मास्तर पडलं होतं.

"एवढ्या वर्षांनी बाहुलीशी खेळायला बोलावलंय," माझ्या शेजारचा अॅम्ब्युलन्सवाला पुटपुटला. मी हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

एका खोलीत बेडवर माणसाएवढा पुतळा होता. रबराची कातडी, उघडे डोळे. त्याची छाती हवेच्या पंपानं वरखाली होते. भिंतीत काच, काचेमागे मास्तर. तिथून माइकवर बोलले की पुतळा बोलल्यासारखं वाटतं.

एकेकानं आत जायचं, तीन मिनिटांत पेशंट तपासायचा, आकडे कागदावर लिहून बाहेर यायचं. परीक्षा एवढीच.

माझा नंबर शेवटचा होता.

आत गेले. बीपी, पल्स स्क्रीनवर दिसत होते, ते उतरवले. श्वासाच्या रकान्यावर पेन टेकवलं. हात आपोआप एक काढायला लागला, पुढे आठ.

आणि पेन थांबलं.

का थांबलं, सांगता येणार नाही. काका आठवले एवढंच. म्हटलं, आज तरी मोजू. पुतळ्याचे का होईना.

आमची एक युक्ती असते. पल्स बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, म्हणजे पेशंट मुद्दाम श्वास बदलत नाही. मी तसंच केलं. मनगट थंड होतं, रबराचं.

एक... दोन... तीन...

छाती भरभर हलत होती. उथळ. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. पुतळ्याच्या बरगड्यांमध्ये असं होत नाही, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. पण मी मोजत राहिले. थांबायची हिंमत झाली नाही.

तीस... एकतीस...

तेव्हा आवाज आला.

"घड्याळ... मागे आहे... सिस्टर."

मी काचेकडे पाहिलं. मास्तर खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. माइक त्यांच्यापासून हातभर लांब, आडवा पडलेला होता.

"बसा ना..."

मी बसले. त्या दिवशी बसले नव्हते, म्हणून बसले.

मिनिट संपलं. बेचाळीस.

कागदावर बेचाळीस लिहिलं आणि बाहेर आले.

मास्तरांनी सगळ्यांना गोल बसवलं. आठ कागद पुढ्यात पसरले.

"अठरा. अठरा. वीस. सोळा. अठरा. वीस. अठरा," त्यांनी वाचलं. "पंपाची नळी मी सकाळीच काढून ठेवली आहे. पुतळ्याची छाती आज दिवसभर हललेली नाही. मेलेल्या माणसाला अठरा श्वास दिलेत तुम्ही. अभिनंदन."

कुणी मान वर केली नाही.

"आणि या ताई." मास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही एकट्याच पूर्ण मिनिट मनगट धरून होतात, मी काचेतून पाहिलं. मग हे बेचाळीस कुठून आणलं?"

"हलत होती छाती," असं मी म्हणणारच होते. ओठावर आलं होतं.

"थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मारायची, ताई," अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला. सगळे हसले. हसायला काहीतरी हवंच होतं त्यांना.

"अंदाजे लिहिलं, सर," मी म्हटलं. "चुकलं माझं."

चोवीस वर्षांत खरा मोजलेला तेवढाच एक आकडा आठवतो मला. तोही मी खोटा म्हणून सांगितला.

बाहेर पडताना सवयीनं घड्याळ पाहिलं आणि चार मिळवले. मग भिंतीवरचं घड्याळ दिसलं...

माझं घड्याळ बरोबर होतं. सेकंदकाट्यासकट.

मी हात लावला नव्हता त्याला. आई शपथ.

रविवारभर ठरवत होते, खरं सांगायचं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं, "मी मोजले नव्हते." तीन शब्द, जमत होते.

सोमवारी लांब टेबलामागे तिघं बसले होते. चिमणी भिंतीला लागून खुर्चीत, रुमालाचा पार बोळा केलेला. माझ्याकडे बघून किंचित हसली. ताई आल्यात, आता निभावेल, असं तिला वाटलं असणार.

चार्टचं सील फोडलं. मधल्या साहेबांनी वाचलं.

"दुपारी दोन वाजता, श्वास अठरा. दुपारी चार वाजता, श्वास बेचाळीस."

पुतळ्याचेही तेवढेच होते. चिमणीनं मोजले होते. त्या पोरीनं पूर्ण मिनिट उभं राहून मोजले होते.

"सिस्टर, दोन वाजताचे श्वास तुम्ही स्वतः मोजलेत ना?"

खोली शांत झाली. आणि त्या शांततेत...

श्वास. भरभर. उथळ. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून.

टेबलामागच्या तिघांना काही ऐकू येत नव्हतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी चिमणीकडे पाहिलं. तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर होती. मग भिंतीवरच्या घड्याळावर गेली, परत खुर्चीवर आली. तिचे ओठ हलत होते.

ती मोजत होती.

"सिस्टर?"

"हो," मी म्हटलं. "मोजले होते. अठराच होते."

श्वास थांबला. जसा वॉर्डात थांबतो तसा, एक मोठा घेऊन.

चिमणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं.

"ताई, तुम्हालाही ऐकू येत होतं ना?"

"काय गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काही नाही," म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुन्हा वॉर्डात आली नाही. नंतर कुठे नोकरी लागली का, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही मला.

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं मागे होतं.

अजूनही आहे. दुरुस्तीला टाकलं नाही.

हे इथे का लिहितेय, असं विचाराल. चौकशीत मी खोटं बोलले, ते सही-शिक्क्यानिशी खरं ठरलं. इथे खरं लिहितेय, तर तुम्ही म्हणाल, छान रंगवलंय. म्हणा. कुठेतरी लिहायला हवंच होतं.

आता मी प्रत्येक पेशंटचे श्वास पूर्ण मिनिट मोजते. ते बघून मेट्रन इतक्या खूश झाल्या की मास्तरांच्या हाताखाली ट्रेनिंगला मलाच नेमलं. नव्या तुकडीला मीच सांगते, मोजल्याशिवाय लिहायचं नाही. लोक वहीत उतरवून घेतात.

पुतळ्याची नळी काढून ठेवायचं कामही माझ्याकडेच आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, नळी काढते, आणि छातीकडे न बघता लगेच खोलीबाहेर येते.

दाराशी पोचेपर्यंत मागून हाक येते.

"आलेच काका," म्हणते आणि दार लावून घेते.