बंद दाराआडचा माणूस

सभेला यायला तिला उशीर झाला आणि एकच खुर्ची रिकामी उरली होती, आरोग्य खात्यात आकडेमोड करणाऱ्या उंच तरुणाशेजारची. "बसू का इथे?" तिने विचारलं, तर तो चक्क पांढराफटक पडला.

"घशात काही अडकलं का?" ती हसली. "घाबरू नका, नर्सच बसलीय शेजारी."

त्याने घाईघाईने खुर्ची तिच्यासाठी ओढली.

यंदा कुठल्या प्रश्नांवर आधी संशोधन करायचं हे ठरवायला खात्याने घरोघरी फिरणाऱ्या नर्सेसना बोलावलं होतं. तिची पाळी आली.

"लोक आम्हाला दार का उघडत नाहीत, ते शोधा," ती म्हणाली. "एका घरी क्षयाची पेशंट होती. मुलगा आतूनच 'नको' म्हणायचा. अख्खा हिवाळा मी जिन्यात उभी राहून बंद दाराशी बोलले. गोळ्या घेतल्या का, जेवण जातं का... मग माझी बदली झाली. त्या बाई जगल्या का, तेही मला ठाऊक नाही."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हा अनुभव झाला सिस्टर, संशोधनाचा विषय नव्हे. पुढचं घ्या."

"थांबा सर." शेजारचा तरुण उभा राहिला. "ते दार आमचं. 'नको' म्हणणारा मी."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"शेजाऱ्यांना कळेल याची लाज वाटायची. आईने गोळ्या घेतल्या त्या ह्यांच्या बोलण्यामुळे. ठणठणीत आहे ती, स्वतःच सगळ्यांना सांगत सुटते. पण मी दार का उघडलं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून तर शोधायला हवं."

एकेक करत हात वर झाले. तिचा प्रश्न पहिला आला.

चहाच्या टेबलाशी तो आला. "जिना उतरताना तुम्ही मला दगड म्हणायचात."

तिचे कान तापले. "ऐकू यायचं?"

"दाराला टेकूनच बसायचो ना... आधी आईसाठी. नंतर तुमच्या आवाजासाठी. तुम्ही यायचं थांबलात, आणि मी तर नावही विचारलं नव्हतं."

ती ज्याच्यावर चिडत होती, तो तिची वाट बघत होता — हे डोक्यात शिरेना.

"रागावलात?"

"हो. थंडीत उभं केलंत मला." मग हळूच म्हणाली, "रविवारी घरी या. माझे बाबा प्रश्न फार विचारतात."

"आणि तुम्ही?"

"मी एकच विचारणार आहे," ती म्हणाली, "पण तो बाबांसमोर नाही."