खोडता न आलेलं पान

टेबलावर शाईची बाटली एकच होती आणि बुडवायला टाक दोन, म्हणून तो माझ्यासमोर येऊन बसला. मी काही कुणाची वाट बघत नव्हते — निदान त्या मंगळवारी तरी नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक नुकतंच लागलं होतं, ऑस्लोत ऑक्टोबरचा चिकट पाऊस होता. सरकारने शाळेच्या पुस्तकांतली भाषा पुन्हा बदलली होती, खेड्यातले शब्द त्यात कोंबले होते, आणि आम्ही जुन्या भाषेची माणसं नुसती पेटलो होतो. दर मंगळवारी संध्याकाळी पालक शाळेच्या व्यायामशाळेत जमायचे आणि नवे शब्द खोडून वर जुने लिहायचे. मला ना नवरा, ना मूल. ताईच्या लेकीचं वाचनाचं पुस्तक घेऊन मी हजर असायचे. आवेश मात्र चार मुलांच्या आईचा.

त्याच्यापुढेही तेच पुस्तक होतं. कोट ओला, कान लाल. मी एक ओळ खोडली की तो हळूच बघायचा… आणि मी बघितलं की घाईने खिडकीकडे वळायचा.

“तुम्ही तर काहीच खोडत नाही,” मी म्हटलं.

“तुमचं बघून शिकतोय.”

“शिकवायचं तर त्या लेखकाला. असं कोण बोलतं हो?”

“माझी आई बोलते.”

मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय.

“आणि भेटलाच तो लेखक, तर?”

“ही बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी करीन.”

त्याने गुपचूप बाटलीला बूच लावलं.

नाव आमुन, एवढंच त्याने सांगितलं. पुढच्या दोन्ही मंगळवारी तो ट्रामपर्यंत सोडायला आला. छत्री एक, कोपराला कोपर लागायचा आणि दोघांपैकी कुणीच सॉरी म्हणायचं नाही. त्या पुस्तकातली एकच गोष्ट मला आवडते, असं मी त्याला सांगून टाकलं होतं — संध्याकाळी शेळ्यांना घरी हाका मारणाऱ्या बाईची. चौथ्या मंगळवारी मी नवा ब्लाउज घालून गेले. ताईने विचारलं, शुद्धलेखनाला?

त्या दिवशी अध्यक्ष लोवोसबाई वर्तमानपत्र घेऊन उभ्या राहिल्या. पुस्तकाचा लेखक आमुन लिएन, फोटोसकट. फोटो काळा-पांढरा होता, तरी ते कान मी ओळखले. सगळी व्यायामशाळा आमच्या टेबलाकडे वळली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“चार मंगळवार माझी मजा बघत होतात?”

“पहिल्यांदा आलो तो रागाने. आईचे शब्द कोण खोडतंय, ते बघायचं होतं.” त्याने टोपी उचलली. “नंतर… तुम्ही होतात म्हणून आलो.”

तो गेला. माझ्यापुढे नेमकं शेळ्यांचंच पान उघडं होतं. लोवोसबाई म्हणाल्या, सिसेल, एवढं पान उरकून टाक. मी टाक बुडवला. ती हाक मला कानात ऐकू यायला लागली, आणि ती बाई आता कुणाची तरी आई होती. माझी भाषा मला आजोबांच्या पत्रांतून मिळाली, तशी त्याला त्याची अंगणातून मिळालेली. हात चालेना. हा माणूस आज गेला तर परत येणार नाही, एवढं मात्र लख्ख कळलं.

मी छत्रीशिवाय धावत सुटले. तो ट्रामच्या पायरीवर एक पाय ठेवून होता.

“मी मत बदललेलं नाही,” मी धापा टाकत म्हटलं. “पुढच्या मंगळवारीही खोडणार आहे.”

“ठाऊक आहे.”

“पण तुमच्या आईचं पान मला खोडता आलं नाही. आणि तुम्ही मला आवडता. खूप.”

त्याने पाय खाली घेतला. ट्राम गेली.

“शनिवारी गावी चाललोय,” तो म्हणाला. “चलाल? आई तिच्याच भाषेत सगळं विचारील.”

“मी माझ्या भाषेत उत्तरं देईन.”

“मग दोन दिवस नुसता वाद…”

“फक्त दोन?” मी म्हटलं, आणि त्याचे ते लाल कान धरून, भर पावसात, त्याचं पुढचं बोलणं बंद करून टाकलं.