काकांचा पहिला व्हॉल्व्ह

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलं, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. भौतिकशास्त्र शिकलेली. मीटरवर दिसेल तेवढंच खरं मानणारी.

आणि रात्र वगैरे नव्हती...

रविवारची टळटळीत दुपार होती.

ताईचे वडील, म्हणजे आमचे काका, रेडिओ दुरुस्त करायचे. घरातला अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. पत्र्याची पेटी, तिच्यावर बल्बसारखे उघडे काचेचे व्हॉल्व्ह. चालू केले की निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. दोन्ही बाजूंना कपाटाएवढे लाकडी स्पीकर.

मावशी म्हणायची, "बायको कमी बोलते, म्हणून हे भोंगे आणून ठेवलेत!"

काका म्हणायचे, "यांना निदान बंद करायचं बटण आहे."

व्हॉल्व्ह तपासायची त्यांची एक रीत होती. पेटी चालू ठेवायची आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रत्येक काचेवर हलकेच टकटक करायची. चांगला व्हॉल्व्ह गप्प राहतो. आतली तार सैल असेल, तर तीच टकटक स्पीकरमधून मोठी होऊन घुमते.

पहिला व्हॉल्व्ह तसाच होता. काकांनी तो कधी बदलला नाही. रेकॉर्ड लावली की त्याच्यावर दोनदा पेन्सिल वाजवायचे.

टण्ण... टण्ण...

हातातलं काम टाकून मावशी ऐकायला येऊन बसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हाक मारणं त्या माणसाला कधी जमलंच नाही.

काका गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

ताई आईजवळ राहायला आली. रोज दुपारी पेटी कोमट लागते, हे तिच्या लक्षात आलं. आई बंद करायला विसरत असेल, असं तिला वाटलं.

त्या रविवारी तिनं दारातून पाहिलं. व्हॉल्व्ह पेटलेले. रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही. मावशी समोर मांडीवर हात ठेवून बसलेली. पेटीजवळ कुणीच नाही.

टण्ण... टण्ण...

"आलेय हो," मावशी हळूच म्हणाली. "इथेच बसलेय."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण शिक्षण आडवं आलं.

"आई, काच तापते, आतली तार पसरते, तिचा आवाज आहे तो. व्हॉल्व्ह खराब आहे."

"असेल गं," मावशी म्हणाली. पण तिचा चेहरा... काका गेल्यापासून इतका निवांत ताईनं तो पाहिला नव्हता.

हेच ताईला बघवेना. आई अशीच भ्रमात बसून राहिली तर? दुसऱ्या दिवशी मावशी बाहेर गेली, तेव्हा तिनं तो व्हॉल्व्ह काढला आणि नवा बसवला. पेन्सिल वाजवून पाहिली. स्पीकर गप्प. छान.

काकांच्या घरात बिघडलेली वस्तू तशीच फेकत नसत. आधी उघडून बघायची, मग फेकायची. ताईनं जुना व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून फोडला आणि भिंगाखाली धरला.

आतल्या सगळ्या तारा ताणलेल्या होत्या.

एकही सैल नव्हती...

दुपारी मावशी पेटी लावून बसली. दिवे लागायची वेळ झाली तरी उठली नाही.

"आज आले नाहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मावशीनं ताट बाजूला सारलं, तेव्हा ताईनं सगळं सांगितलं.

"फोडलास?"

"हो."

मावशीनं पेटीवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "त्यांनीच शिकवलेलं तुला. तुझं काय चुकलं?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

काकांच्या खणातले सगळे जुने व्हॉल्व्ह ताईनं एकेक करून लावून पाहिले. सगळे मुके. मावशीनं त्या खोलीत बसणं सोडलं.

एका दुपारी ताईनं स्पीकरवरचं कापड काढलं. कुठे काही तुटलंय का बघावं, म्हणून आतल्या कागदी पडद्यावर तळवा टेकवला.

आवाज नव्हता. डोळ्यांना काही हलताना दिसत नव्हतं.

पण हाताला...

आतून कुणीतरी बोटानं टकटक करत होतं. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

तिनं मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. स्पीकरच्या तारा सोडवल्या. पेटीचा प्लग काढला. तरीही...

"आई! आई, लवकर ये!"

मावशी आली. ताईनं तिचा हात धरून पडद्यावर ठेवला.

"लागतंय?"

"नाही गं."

"आत्ता! हे बघ, आत्ता!"

"कुठे?"

तेव्हा ताईला आठवलं. साखरेच्या आजारानं मावशीची बोटं कधीच बधिर झाली होती. तापलेलं भांडं उचललं तरी तिला कळत नसे. ताईनं तिचा गाल टेकवायचा म्हणून तिला पुढे ओढलं, पण मावशीनं हात सोडवून घेतला आणि लेकीच्या डोक्यावरून फिरवला.

"काच तापते, तार पसरते, तूच म्हणालीस ना? मी मानलं ते. आता कशाला माझं मन राखतेस?"

आणि ती आत निघून गेली.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. ताईनं काही न सांगता माझा तळवा पडद्यावर ठेवला. मला लागलं. मावशीला तसं सांगितलं, तर म्हणाली, "तू तिचीच बहीण."

ताई अजून रोज दुपारी हात ठेवून बसते. आधी ते दोनदा वाजून थांबायचं, वाट बघितल्यासारखं.

आता थांबतच नाही...