बाबाच्या मशीनवरची दुसरी आवृत्ती

माझा भुतांवर विश्वास नाही. तरीही हे घडलं आहे. स्वेनबोर्ग गावच्या बंदरामागे, आमच्या कारखान्यात, नोव्हेंबरातल्या अंधाऱ्या दुपारी.

बाबा गेला त्याच्या आदल्या दिवसापासून सांगते.

आम्ही चर्चमधले जुने, नळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करतो. माझा बाबा अस्गर, त्याचा भागीदार प्रेबेनकाका आणि मी, तोवे. कुठल्या ऑर्गनची कुठली नळी कधी बदलली, हे सगळं बाबाने त्याच्या कॉम्प्युटरवरच्या एका जुनाट डेटाबेस प्रोग्रॅममध्ये भरून ठेवलं होतं. नवीन आवृत्ती घे, असं मी त्याच्या कायम मागे लागायचे.

त्या दुपारी राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवत तो म्हणाला, "मी आहे तोवर ते नवीन सोंग माझ्या मशीनवर येणार नाही."

"म्हणजे तू गेल्यावरच बघायचं?"

"बघ की. घाई काय आहे, पोरी?"

आम्ही हसलो. प्रेबेनकाका जरा उशिरा हसला.

त्याच रात्री बाबा झोपेत गेला.

आमच्याकडे माणूस गेलं की खिडकी उघडतात, जीव मोकळा व्हावा म्हणून. मी त्याच्या खोलीची खिडकी उघडली. कारखान्यातल्या त्याच्या ऑफिसची उघडायचं कुणाला सुचलं नाही.

अंत्यविधीनंतर मी त्याच्या खुर्चीत बसले. एकच गोष्ट मनात होती. त्याने जसं ठेवलं, तसंच सांभाळायचं. त्याचा शब्द मोडू द्यायचा नाही.

जुना प्रोग्रॅम उघडला.

पडद्यावर आलं... 'थांबा. मांडणी चालू आहे.'

मी थिजले.

हे कधी येतं ते मला माहीत होतं. एकाच मशीनवर जुनी आणि नवीन आवृत्ती असली, की त्या एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारख्या वागतात. जी शेवटी उघडली, तिचा ताबा. मग दुसरी उघडायला जावं, तर ती आधी सगळं आपल्या मनासारखं लावून घेते, तेव्हा कुठे आत घेते.

म्हणजे नवीन आवृत्ती इथे होती.

शोधली. होती.

"काका, त्याच्या मशीनला हात लावलास?"

प्रेबेनकाका हातातली नळी पुसत राहिला. "बसवली मीच. पण उघडत नाही मी ती."

"मग कोण उघडतं? मांजर?"

त्याने ती नळी ठेवून दुसरी उचलली.

संध्याकाळी जुना प्रोग्रॅम उघडून बंद केला, म्हणजे ताबा जुन्याकडे. ऑफिसला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

सकाळी पुन्हा तेच... 'थांबा. मांडणी चालू आहे.'

मधल्या वेळात कुणीतरी नवीन उघडलं होतं.

मग मी मशीनची विजेची वायरच काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी काका फॉबोर्गच्या चर्चमध्ये होता. मी एकटी, नळीच्या सांध्याला कथलाचा डाग देत होते. बाहेर धुकं. बंदरातून एरवी येणारा फेरीबोटीचा भोंगाही नाही.

टक्...

हात थांबला.

टक्... टक् टक्.

दोन बोटांनी टाइप केल्याचा आवाज. ऑफिसमधून. बाबा दोनच बोटांनी टाइप करायचा.

मशीनचा पंखा मात्र वाजत नव्हता.

मी कुलूप उघडलं. पडदा काळा. वायर माझ्या पिशवीत. खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली... मी ती आत ढकलून गेले होते.

वायर जोडली. जुना प्रोग्रॅम उघडला.

'थांबा. मांडणी चालू आहे.'

काका परतल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो कोट न काढताच बाकावर बसला.

"तो नवीन शिकत होता, तोवे. रोज, तू घरी गेल्यावर."

"बाबा?"

"ऑगस्टमध्ये त्यानेच बसवून घेतली माझ्याकडून. म्हणाला, माझ्या मागे पोर या जुन्यात अडकायला नको."

"त्याच्या मागे? ऑगस्टमध्ये?"

काकाने टोपी काढली. "डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं. हृदय. माझ्याकडून वचन घेतलं त्याने."

"रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते मी."

"मोडकळीला आलेल्या ऑर्गनबद्दल पाद्र्यांना काय सांगायचा तो? 'अजून एक हिवाळा निघेल.' तुलाही तेच सांगितलं."

मी ज्या शब्दाची राखण करत होते, तो शब्दच खोटा होता. आणि ज्याच्यावर मी चोरून मशीन वापरल्याचा आळ घेतला, त्याला सगळं माहीत होतं.

आता दोन्ही आवृत्त्या त्या मशीनवर आहेत. कुठलीच काढायचं धाडस होत नाही. ऑफिसची खिडकी मी उघडून पाहिली. काही फरक पडला नाही. त्या बाजूला मी पाठ करून बसत नाही.

काल दुपारी पुन्हा आवाज आला.

टक्... टक् टक्.

या वेळी मी आत गेले नाही. दारातच उभी राहिले. आवाज थांबला. आतून कुणीतरी ऐकत असावं, तशी शांतता.

"तू मला फसवलंस, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "काकाला तुझा निरोप घेता आला. मला नाही."